आठवीनंतर मुली मैदानावरून कुठे जातात?

आंबेमोहर

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. पाचवी-सहावीत ज्या मुलींना घंटा झाल्यावर मैदानावरून अक्षरशः ओढून वर्गात न्यावे लागते, त्याच मुली आठवी-नववीत पीटीच्या तासाला कट्ट्यावर बसून राहतात. हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाहिलेले असते आणि बहुतेक वेळा आळस, मोबाइल किंवा अभ्यास यांपैकी एखादे कारण देऊन विषय संपवला जातो. मला हे कारण कधीच पटलेले नाही. आळशी मुलगी खेळ सुरू झाला की दुसरीकडे पाहते. माझ्या कट्ट्यावरच्या मुली मात्र खेळाकडे एकटक पाहत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ ते १७ या वयात रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी, अशी अपेक्षा असते. २०१६ साली ती पूर्ण न करणाऱ्यांचे प्रमाण जगभरात मुलग्यांमध्ये ७८ टक्के आणि मुलींमध्ये ८५ टक्के होते. त्यात भारतातल्या मुलींची स्थिती अनेक श्रीमंत देशांपेक्षा थोडी बरी दिसली, आणि त्याचे संभाव्य कारण म्हणून अभ्यासकांनी मुलींवर पडणाऱ्या घरकामाचा उल्लेख केला. हे वाचून मला समाधान वाटले नाही. केर काढणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे यांत अंग नक्कीच हलते, पण ती हालचाल मुलीने स्वतःसाठी निवडलेली नसते आणि तिच्यातून खेळाचा आनंदही मिळत नाही.

माझ्या मते मैदान सुटण्यामागची पहिली भावना लाज ही असते. अंगात बदल सुरू होतात आणि तोपर्यंत केवळ पळण्यासाठी असलेले शरीर अचानक इतरांनी पाहण्याची गोष्ट होऊन बसते. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडलेला विचार असा, की सतत पाहिल्या जाणाऱ्या मुली हळूहळू स्वतःकडेही बाहेरच्या नजरेने पाहू लागतात आणि त्यांच्या लक्षाचा एक हिस्सा कायम त्या पहाऱ्यातच खर्च होतो. खो-खोत हे डोळ्यांना दिसते. खो मिळताच उठून झेपावण्याऐवजी मुलगी आधी कुर्ता खाली ओढते, आणि तेवढ्यात धावक निसटतो. पुढच्या वेळी तिला कोणी संघात घेत नाही, आणि आपल्याला खेळता येत नाही असे तिला वाटू लागते.

येथे वजन कमी करण्याच्या उपायांची चर्चा नको आहे. मुलींच्या मनात काय चालते आणि घरातली व शाळेतली मोठी माणसे त्यात काय भर घालतात, यावर आपले अनुभव व मते वाचायला आवडतील.

सह्यकडा

आंबेमोहर ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण एक शंका स्पष्टपणे मांडतो. मी ठाण्यात राहतो आणि माझी मुलगी नववीत आहे. सगळेच भावनांवर सोडले, तर ही मुले दातही घासणार नाहीत. आमच्या लहानपणी कवायत सक्तीची होती; आवडते की नाही, असे कोणी विचारले नाही आणि त्याने आमचे नुकसानही झाले नाही. मुलीचे वजन गेल्या वर्षभरात बरेच वाढले आहे. तिची आई आणि मी तिला ते स्पष्टपणे सांगतो, कारण बाहेरच्यांनी बोलण्यापेक्षा घरच्यांनी बोललेले बरे, असे आम्हाला वाटते. तिच्यासाठी इमारतीच्या जिममध्ये शुल्कही भरले. ती दोन-चार वेळा गेली आणि बंद झाली. आता रात्रीचे जेवण टाळते, पण चालायला चल म्हटले की खोलीचे दार लावून घेते. स्वतःच्या शरीराबद्दल थोडी खंत वाटल्याशिवाय माणूस हालचालीला लागेल तरी कसा, हे मला समजत नाही.

रानजाई

सह्यकडा, तुमची काळजी खरी आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. मी नाशिकमध्ये किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशन करते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक याच शब्दांत विचारतात. खंत वाटली की माणूस सुधारतो, हे गृहीतक इतके सरळ वाटते की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये डायन नॉयमार्क-स्टेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. त्यांनी किशोरवयीन मुलामुलींची पाहणी केली आणि पाच वर्षांनी त्यांचीच पुन्हा पाहणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते, की ज्या मुली सुरुवातीला आपल्या शरीरावर अधिक नाराज होत्या, त्या पुढे डाएटिंगकडे, वजन घटवण्याच्या घातक मार्गांकडे आणि अनावर खाण्याकडे अधिक वळल्या, आणि त्यांची शारीरिक हालचाल मात्र कमी झाली. तुमच्या घरात आत्ता जे घडते आहे, जेवण टाळणे आणि चालायला न येणे, ते याच चित्राशी जुळते.

असे का होते, हे समजणे अवघड नाही. ज्या शरीराची लाज वाटते, ते चारचौघांत हलवणे म्हणजे त्या लाजेचे प्रदर्शन मांडणे. जिममध्ये चारही बाजूंना आरसे असतात, शेजारचे ओळखीचे काका ट्रेडमिलवर असतात, आणि ती तेथे कशासाठी आली आहे हे सर्वांना ठाऊक आहे असे तिला वाटते. न जाण्याने तिला त्या क्षणापुरती सुटका मिळते. सुटकेतून मिळणारा हा आराम फार प्रबळ असतो. तो प्रत्येक वेळी टाळण्याची सवय पक्की करत जातो. आपण ज्याला सवय नसणे म्हणतो, ती पुष्कळदा टाळण्याची अत्यंत व्यवस्थित लागलेली सवय असते.

कवायतीबद्दल बोलायचे, तर सक्तीने हालचाल होते हे मान्य आहे. सक्ती संपल्यावर किती जण कवायत करत राहिले, हा खरा प्रश्न आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या प्रेरणेवर अनेक दशके काम केले. त्यांच्या मांडणीनुसार एखादी गोष्ट आपली म्हणून टिकायची असेल, तर तिथे तीन गरजा भागाव्या लागतात: निर्णयात आपला हात असणे, ती गोष्ट आपल्याला जमते आहे असा अनुभव येणे आणि सोबत आपली माणसे असणे. जिमचे शुल्क भरताना मुलीला विचारले नव्हते, तिथे तिला काहीच जमत नव्हते आणि ती एकटी होती. त्यामुळे ती थांबली यात नवल काहीच नाही, आणि तिच्या स्वभावात खोट असल्याचे ते लक्षणही नव्हे.

दम लागण्याचा अर्थ मुलगी काय लावते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आपल्याला जमेल हा विश्वास कशातून तयार होतो याचा विचार करताना अल्बर्ट बांडुरा यांनी शरीराच्या संवेदनांचा मुद्दा आवर्जून घेतला होता. छातीत धडधड, लाल झालेला चेहरा, घाम या गोष्टींचा अर्थ सवय असलेली मुलगी ‘मजा येते आहे’ असा लावते. जिला सवय नाही, ती ‘मला झेपत नाही, सगळे पाहत आहेत’ असा लावते. त्यातच पहिल्या दिवशी अंगावर येईल इतका जोराचा व्यायाम करून घेतला, तर मनात त्रासाचीच आठवण उरते. म्हणून नवख्या मुलीला बोलता बोलता करता येईल इतक्याच वेगाने सुरुवात करू द्यावी, असे मी आग्रहाने सांगते. तिची क्षमता कमी आहे असे मला सुचवायचे नाही. ती उद्या आपणहून परत यावी, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

काळीमाती

मी कोल्हापूर भागात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. रानजाई यांच्या मताशी सहमत आहे, परंतु सर्वच गोष्टींचे मूळ मनात शोधू नये, ही विनंती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्त कमी असलेली मुलगी एक जिना चढून थकते, तिचे पाय दुखतात, तिची चिडचिड होते आणि घरात तिला आळशी ही उपाधी मिळते. काही दिवसांनी ती स्वतःही ते खरे मानू लागते. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या मळमळते म्हणून मुली दप्तरातच ठेवतात. ती गोळी जेवणानंतर घेतली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. खेळायला नकार देणाऱ्या मुलीची हिमोग्लोबिन तपासणी आधी करावी आणि उपदेश नंतर करावा.

पाळीचेही तसेच आहे. पाळीत हलकी हालचाल केल्याने सामान्यतः अपाय होत नाही आणि काहींना वेदनेतही आराम मिळतो, परंतु डाग पडण्याची धास्ती असलेल्या मुलीला हे सांगून उपयोग होत नाही. तिला स्वच्छ, पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह लागते. ज्या मुलींना दर महिन्याला शाळा बुडावी इतकी वेदना होते, त्यांनी मात्र सहन न करता डॉक्टरांना दाखवावे.

हाडांबाबत पालकांना फारशी माहिती नसते. मुलींच्या हाडांची जास्तीत जास्त घनता जी काही व्हायची, तिचा बहुतांश भाग अठराव्या वर्षापर्यंत पूर्ण होतो, आणि उड्या मारणे, धावणे, वजन पेलणे यांनी ती वाढते. नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलीला खुर्चीत बसवतो.

सह्यकडा यांना एक वेगळी सूचना. रात्रीचे जेवण टाळणे याकडे शिस्त म्हणून पाहू नका. वजन झपाट्याने उतरले, पाळी चुकू लागली, चक्कर येऊ लागली किंवा ती सर्वांसोबत जेवायला बसेनाशी झाली, तर थांबू नका. उलट टोकाच्या मुलीही माझ्याकडे येतात. त्या पुरेसे न खाता तासन्‌तास व्यायाम करतात आणि घरचे कौतुक करत असतात. आहार अपुरा, पाळी बंद आणि हाडे कमकुवत हे त्रिकूट खेळाडू मुलींमध्ये अनेक वर्षांपासून ओळखले गेले आहे. भीतीपोटी केलेला व्यायाम बाहेरून अत्यंत शिस्तबद्ध दिसतो, त्यामुळे तो लवकर लक्षात येत नाही.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. ही केवळ आपल्याकडची अडचण आहे असा समज होऊ नये, म्हणून लिहिते. येथे शाळांना मैदाने आहेत, कपडे बदलण्याच्या खोल्या आहेत, तरीही मुली खेळ सोडतात. ‘विमेन इन स्पोर्ट’ या संस्थेने २०२२ मध्ये मांडलेल्या पाहणीत, एके काळी स्वतःला खेळाडू वृत्तीच्या समजणाऱ्या मुलींपैकी ४३ टक्के मुली प्राथमिक शाळेनंतर खेळापासून दूर गेल्याचे दिसले. इतर आपल्याला जोखतील ही भीती त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होती.

आपल्याकडे संकोचामुळे बोलली न जाणारी एक गोष्टही येथे मोजली गेली आहे. २०१६ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १८ वयाच्या सुमारे दोन हजार शाळकरी मुलींना छातीच्या वाढीचा खेळावर काय परिणाम होतो, हे विचारले. ४६ टक्के मुलींनी परिणाम होतो असे सांगितले. धावताना दुखते, हालचाल दिसेल याची लाज वाटते आणि खेळासाठीची घट्ट ब्रा कशी निवडावी, हे कोणी सांगितलेले नसते. मुलगी आठवीत गेली की आपण तिला नवीन दप्तर घेतो. त्याच वेळी आईने, मावशीने किंवा आत्याने तिला दुकानात नेऊन खेळताना घालायची योग्य मापाची ब्रा घेऊन दिली, तर कितीतरी मुली मैदानावर टिकतील. ही खरेदी चोरून करण्याची गोष्ट नाही, हे तिला आपल्या वागण्यातून कळले पाहिजे.

तिखटमीठ

मी पुण्यात महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे वयाने या चर्चेच्या सर्वांत जवळची मीच असेन. शाळेत मी आंबेमोहर ताईंच्या कट्ट्यावरचीच मुलगी होते. सर्वांसमोर वजन करून ते मोठ्याने वाचले जायचे आणि मुले आकडा पाठ करायची. त्यानंतर पीटीच्या दिवशी माझे डोके खरोखर दुखायचे. मी बहाणा करत नव्हते.

अकरावीत मैत्रिणीच्या आग्रहाने ढोल-ताशा पथकात गेले. गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे रोज संध्याकाळी सराव असतो. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास उभे राहून वाजवायचे म्हणजे पोटऱ्या, कंबर, खांदे सगळेच बोलू लागतात. सुरुवातीला हाताला फोड आले. तरीही तेथे मी कशी दिसते हा विचार माझ्या मनात आला नाही, कारण सारे लक्ष ठेका चुकू नये याकडे असायचे, आणि मी चुकले तर शेजारचीचा हातही चुकेल ही जबाबदारी असायची. दणकट बांध्याच्या मुलींना तेथे मान होता. जे शरीर शाळेत माझी अडचण होते, तेच तेथे उपयोगी पडले. पथक सुटल्यावर दम टिकावा म्हणून मी आपणहून पर्वती चढायला लागले आणि आजही जाते. मला कोणी ‘व्यायाम कर’ म्हटले असते, तर मी गेले नसते.

सह्यकडा काका, तुमची मुलगी माझ्यापेक्षा फार लहान नाही, म्हणून लिहिते. तिच्या शरीराबद्दल घरात काहीही न बोलले जाणारे काही महिने तिला मिळू द्या.

जुईचावेल

तिखटमीठ यांचा प्रतिसाद वाचून मंगळागौर आठवली. माझे माहेर रत्नागिरीचे. झिम्मा, बसफुगडी, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणे हे खेळ रात्रभर खेळायचे म्हणजे आजच्या कोणत्याही व्यायामवर्गापेक्षा कमी मेहनत नव्हती. उकिडवे बसून फुगडी घालणाऱ्या स्त्रीच्या मांड्यांत किती ताकद लागते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नऊवारीतल्या, सर्व वयांच्या आणि सर्व बांध्यांच्या बायका मोकळेपणाने घामाघूम होत, कारण माजघरात पाहणारे परके कोणी नसे, आणि ज्या पाहत त्यांनाही पुढच्या क्षणी खेळात ओढले जाई. केवळ प्रेक्षक म्हणून तेथे कोणीच नसे.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. वर्षातल्या काही रात्री मोकळीक आणि उरलेले वर्ष उंबऱ्याच्या आत, असाच तो व्यवहार होता, आणि तोही काही घरांपुरता. परंतु मुलींना मोकळे होण्यासाठी नजरेपासून सुरक्षित जागा आणि सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ लागतात, एवढे त्यातून निश्चित घेण्यासारखे आहे.

आंबेमोहर

सर्वांचे मनापासून आभार. जुईचावेल ताई, तुमचा ‘केवळ प्रेक्षक म्हणून कोणी नसे’ हा मुद्दा मी शाळेतल्या शिक्षकांना वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत जे बदल केले, ते याच दिशेचे होते. आठवी ते दहावीच्या मुलींच्या तासाला मैदानाच्या कडेला उभे राहण्यास सर्वांनाच मनाई आहे. कोणी खेळत नसेल, तर तिने गुणफलक लिहावा, वेळ मोजावी किंवा पंच व्हावे. वजन-उंचीची नोंद पडद्याआड होते आणि आकडा फक्त त्या मुलीला कळतो. गणवेश गडद रंगाची सैल ट्रॅक पँट आणि लांब टी-शर्ट असा केला. डागांची भीती कमी होण्यास पांढरा रंग जाणे पुरेसे ठरले. लेझीम, खो-खो आणि दोरीवरच्या उड्या यांतून मुलींनी त्या आठवड्याचा प्रकार स्वतः निवडायचा असतो. लेझमीला सर्वांत जास्त हात वर होतात, कारण तिथे कोणी शेवटचे येत नाही.

आदर्शांविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. भिंतीवर प्रसिद्ध खेळाडूंची चित्रे लावल्याने फारसा फरक पडलेला मला दिसला नाही. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारख्याच घरातून आलेली मुलगी काही करून दाखवते, तेव्हाच तिचे उदाहरण मनाला भिडते. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, हे सांगताना मी त्यांचा दहावा क्रमांक आवर्जून सांगते. दहावी येऊनही सारा जिल्हा ज्यांचा अभिमान बाळगतो, अशी बाई मुलींना ठाऊक असावी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भारतीय महिला संघाने जिंकली आणि कर्णधार महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे होत्या. त्यानंतर काही दिवस मैदानावरची गर्दी वाढली, हे खरे. पण नंतर टिकल्या त्या मुली, ज्यांना दहावीच्या ताईंनी हात धरून संघात घेतले होते.

अभ्यासाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून एवढेच सांगते की दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताला देणे ही आमच्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत नुकसानकारक प्रथा आहे. मुलीच्या मनावर सर्वाधिक ताण असतो त्याच वर्षी तो हलका करण्याचे साधन आपण काढून घेतो. या बाबतीत मी मुख्याध्यापकांशी दरवर्षी वाद घालते आणि पुढेही घालणार आहे.

सह्यकडा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. शिस्तीविषयीचे माझे मत पूर्णपणे बदललेले नाही, पण मिनेसोटाच्या अभ्यासाचा निष्कर्ष माझ्या घराशी इतका जुळतो की तो नाकारता येत नाही. रानजाई ताई, आजवर आम्ही जे बोललो ते परत घेता येणार नाही. मग आता सुरुवात नेमकी कोठून करावी? तिला माफी मागितलेली आवडेल की अवघडल्यासारखे होईल, हेही मला ठरवता येत नाही.

रानजाई

एक वाक्य पुरेसे आहे: ‘तुझ्या वजनाबद्दल आम्ही बोलत होतो, ते आता बोलणार नाही.’ त्यावर स्पष्टीकरण देऊ नका, उत्तराची अपेक्षा ठेवू नका आणि नातेवाइकांपैकी कोणी विषय काढला, तर तिच्यासमोरच त्यांना थांबवा. तुमच्या शब्दांवर तिचा विश्वास बसेल तो त्या प्रसंगातून. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र करा आणि ताटात किती वाढले यावर कोणीही टिप्पणी करू नये. काळीमाती यांनी सांगितलेली रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. पण वजनासाठी नव्हे, रक्त कमी आहे का हे पाहण्यासाठी करत आहोत, असे तिला आधी सांगा. जेवण टाळणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही, तर समुपदेशकाकडे न्या.

हालचालीचा विषय तोपर्यंत काढू नका. नंतर तिला लहानपणी काय आवडत होते ते आठवून पाहा: सायकल, पोहणे, नाच, काहीही. कोणासोबत, कोठे आणि कोणत्या वेळी जायचे, हे तिला ठरवू द्या. तुम्ही फक्त ने-आण करा, आणि परतताना ‘किती केलेस’ असे न विचारता ‘मजा आली का’ असे विचारा. नाही म्हणाली, तर दुसरे काही शोधायची मुभा तिला असू द्या. लंडनमधील एका अभ्यासात प्रौढ माणसांना एखादी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि काहींना त्याहून बराच अधिक काळ लागला होता. तिच्या वयात, परीक्षा आणि पाळीचे दिवस धरून, खंड पडणारच. खंड पडला त्या आठवड्यात घरात कोणी काही बोलले नाही, तर ती पुन्हा जाण्याची शक्यता खूप वाढते.